चिमुकल्या विटांचा किल्ला

मुले खेळण्यातील विटांवर विटा रचीत बसली, म्हणजे 'हा वेळेचा अपव्यय होय' असे पुष्कळ वडीलधाऱ्यांना वाटते. परंतु त्याच विटांतून चित्रपटासाठी एखादा देखावा उभारायचा ठरले, की खेळाचा अभ्यास होतो.

समजा, नांदेड जिल्ह्यातील लोह्याच्या मुलांनी जवळच्या कंधारचा किल्ला उभारण्याचे मनात आणले. खेळण्यातला शिपाई ४ सेंटिमीटर उंच आहे आणि खरा शिपाई १६० सेंटिमीटर उंच मानला, तर प्रमाण १ : ४० ठरते. मग २ मीटर उंचीचा दरवाजा ५ सेंटिमीटरांचाच हवा. हे प्रमाण चुकले, की शिपाई राक्षसासारखा दिसतो आणि किल्ला गोठ्यासारखा! पुस्तकातले गणित येथे हाती येते.

शिपायाला चालवणे तर याहून अवघड. त्याला किंचित पुढे सरकवावे, एक छायाचित्र घ्यावे. पुन्हा सरकवावे, पुन्हा घ्यावे. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात. म्हणजे एका मिनिटासाठी १४४० चित्रे लागतात. मध्येच कोणाचा धक्का लागला, तर श्रम वाया जातात. म्हणून चौघांनी कामे वाटून घ्यावी लागतात आणि एकमेकांच्या चुका सोसाव्या लागतात.

अशा विटा महाग असतात. ज्याच्या घरी त्या नाहीत, त्याने हे काम आपले नव्हे असे मानावे काय? मुळीच नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याचे रोप उगवताना थोडे थोडे टिपून एक लहानसा चित्रपट केला. तो पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पुढे 'आगकाड्यांची मौज' या चित्रपटात तर त्यांनी साध्या काड्यांनाच नाचविले. कॅमेरा विलायतेतून आणावा लागला, हे खरे. पण त्याच्यापुढे ठेवलेला वाटाणा कोणत्याही स्वयंपाकघरात मिळणारा होता.

लोह्याच्या मुलांजवळ विटा नसतील, तर काळी माती आहे, रिकाम्या काड्यापेट्या आहेत. शिवाय विकतच्या पेटीवर छापलेले चित्र पाहून रचलेला किल्ला दुसऱ्याच्या कल्पनेतला असतो. स्वतः कंधारचा तट पाहून, मोजून मातीत उभारलेला किल्ला वाकडा असला, तरी तो आपला असतो.

म्हणून मुलांनी महागड्या विटांसाठी हट्ट धरू नये. आणि वडिलांनीही अर्धवट उभा राहिलेला मातीचा बुरूज कचरा समजून झाडून टाकू नये.