पात्रतेच्या अटी आणि वाङ्मयीन न्याय

वाङ्मयीन स्पर्धा व पुरस्कार यांची चर्चा आपल्याकडे बहुधा निकालानंतर सुरू होते. परीक्षक कोण होते, कोणाला डावलले गेले, याचा ऊहापोह होतो. पात्रतेच्या अटी मात्र कार्यालयीन बाब म्हणून दुर्लक्षिल्या जातात. वस्तुतः परीक्षकांपुढे कोणते लेखन येणारच नाही, हे या अटी आधीच ठरवतात. त्या अर्थाने पात्रतेची अट हा एक वाङ्मयीन निर्णयच असतो.

या दृष्टीने बुकर पारितोषिकाचा इतिहास उद्बोधक आहे. १९६९ पासून दिले जाणारे हे पारितोषिक दीर्घकाळ प्रामुख्याने राष्ट्रकुल व आयर्लंड येथील लेखकांपुरते मर्यादित होते. २०१४ पासून ब्रिटनमध्ये प्रकाशित होणाऱ्या, कोणत्याही देशाच्या लेखकाच्या इंग्रजी कादंबरीला ते खुले झाले. २०१६ मध्ये पॉल बीटी आणि २०१७ मध्ये जॉर्ज साँडर्स हे अमेरिकी लेखक लागोपाठ मानकरी ठरले. २०१८ मध्ये ब्रिटनमधील काही प्रकाशकांनी जुनी अट परत आणण्याची मागणी केली.

आंतरराष्ट्रीय बुकरची वाट वेगळी आहे. २००५ मध्ये सुरू झालेले हे पारितोषिक आरंभी दर दोन वर्षांनी लेखकाच्या एकूण कार्यासाठी दिले जाई. २०१६ पासून ते दरवर्षी इंग्रजीत अनुवादित झालेल्या एका पुस्तकाला मिळू लागले. कथासंग्रहही पात्र ठरले आणि ५०,००० पौंडांची रक्कम लेखक व अनुवादक यांत समान विभागली जाऊ लागली. २०२२ मध्ये हिंदीतील गीतांजली श्री व अनुवादक डेझी रॉकवेल, तर २०२५ मध्ये कन्नडमधील बानू मुश्ताक व अनुवादक दीपा भास्ती यांना ते मिळाले. मुश्ताक यांचे पुस्तक कथासंग्रह आहे.

दोन्ही बदलांना विस्तारच म्हटले गेले. तथापि पहिल्याने आधीच समर्थ असलेल्या ग्रंथव्यवहाराला आणखी एक दालन दिले, तर दुसऱ्याने भारतीय भाषांतील लेखनाला आणि अनुवादकाच्या श्रमांना स्थान दिले. तेव्हा अट सैल झाली की कडक, यापेक्षा ती कोणासाठी बदलली, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

हीच कसोटी मराठीतील स्पर्धांनाही लावावयास हवी. एखाद्या संस्थेने आपल्या तालुक्यातील नवोदितांपुरती कथास्पर्धा घेण्यात काहीच गैर नाही. परंतु तिला ‘अखिल भारतीय’ म्हणू नये. उलट जी स्पर्धा मराठी भाषेच्या नावाने घेतली जाते, तिने महाराष्ट्रातील रहिवासाची अट घालणे म्हणजे बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदे येथील मराठी लेखकांना भाषेबाहेर ठेवणे होय. नियम बदलताना त्यामागील हेतू जाहीर करावा, बदल पुढील वर्षापासूनच लागू करावा आणि आलेल्या प्रवेशिकांना तो मागाहून लावू नये, एवढी किमान शिस्त पाळणे कोणत्याही संस्थेला अवघड नाही.

याबाबत विद्यापीठीय विभागांचीही एक जबाबदारी आहे. आपल्या प्रबंधांतून पुरस्कारप्राप्त ग्रंथांच्या याद्या वाङ्मयीन महत्तेचा पुरावा म्हणून येतात. त्या याद्यांसोबत त्या-त्या वर्षीच्या पात्रतेच्या अटीही अभ्यासल्या, तर वगळले गेलेले लेखन कोणते, हा प्रश्न संशोधनाच्या कक्षेत येईल. स्पर्धांची जुनी पत्रके रद्दीत जाण्यापूर्वी जतन करणे, ही त्याची पहिली पायरी आहे.