मांजरीची लस आणि मांजरीचा धूर

पुण्यात थंडीची चाहूल लागली की दोन गोष्टी जोडीनेच येतात : सायंकाळच्या हवेत साचणारा धुराचा थर आणि डॉक्टरांच्या दारातील खोकणाऱ्यांची रांग. पहिली पर्यावरणाच्या अहवालात जमा होते, दुसरी आरोग्य खात्याच्या नोंदवहीत; ही दोन दप्तरे शेजारी ठेवून वाचण्याचा प्रघात आपल्याकडे नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. धूर फ्ल्यूला जन्म देत नाही. तो विषाणूचा आजार आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्ल्यूने देशातील पहिला बळी पुण्यातच घेतला, तेव्हा दिवस पावसाळ्याचे होते. महाराष्ट्रात या तापाच्या लाटा दोन, एक पावसाळी व दुसरी हिवाळी. पहिलीचा दोष धुराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. हिवाळी लाटेची गोष्ट मात्र निराळी. थंड हवा जमिनीलगत कोंडते, धूर वर जात नाही, आणि अडीच मायक्रॉनहून लहान कण थेट फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात. श्वासनलिकेतील जे सूक्ष्म केस जंतूंना बाहेर लोटतात ते मंदावतात. जंतूंना गिळणाऱ्या पेशी दुबळ्या होतात. विषाणू आला तर त्याला दार उघडेच सापडते, आणि साधा ताप न्यूमोनियावर जातो. १९१८ च्या साथीत अमेरिकेतील ज्या शहरांत दगडी कोळसा अधिक जळत होता तेथे मृत्यूही अधिक झाले, असे त्या काळच्या आकडेवारीवरून अलीकडील संशोधकांनी दाखविले आहे.

या दृष्टीने मांजरीचे उदाहरण बोलके आहे. हडपसर-मांजरीच्या परिसरातील सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्ल्यूवर नाकावाटे घेण्याची लस बाजारात आणली. ज्या नाकावाटे लस जावी त्याच नाकावाटे रस्त्याकडेला जळणारा पालापाचोळा, प्लॅस्टिक आणि बांधकामाची धूळ जाते! 'सफर' योजनेत हवा मोजण्याची यंत्रे शहरात ठिकठिकाणी बसली, त्यांत मांजरीही होती. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये महापालिकेत आली. लस आहे, मोजमाप झाले, नगरपालनाची सत्ताही आली. तरी दिव्याखाली अंधार तो अंधारच.

केंद्र सरकारची मर्यादा या सूक्ष्म कणांसाठी चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमची. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५ ची. आपण आपल्या सोईचा आकडा निवडला, फुप्फुसांनी तो मान्य केल्याचे ऐकिवात नाही.

आमच्या मते महापालिकेने दिवाळीपूर्वीच दोन कामे एकत्र हाती घ्यावीत : उघड्यावरील जाळपोळ बंद करणे, आणि वृद्ध, दमेकरी, गर्भवती तसेच सफाई कामगार यांना फ्ल्यूची लस टोचणे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरातच कचरा जाळणाऱ्यास पाच हजारांचा, मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास पंचवीस हजारांचा दंड ठरविला आहे. मात्र दंडाचे पुस्तक घेऊन निघणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की रात्री दोन वाजता बांधकामाच्या फाटकाशी टायर पेटवून बसलेला रखवालदार थंडीने कुडकुडत असतो. त्याला आधी मालकाकडून घोंगडी व विजेची शेगडी मिळवून द्यावी. पावती फाडायचीच तर ती मालकाच्या नावे फाडावी.