तेल्यातील घेरी आणि जनुकांची वही

पर्युषण जवळ आले की पनवेलच्या स्थानकात तेला-अठ्ठाईचे पच्चक्खाण घेणाऱ्यांची यादी वाढू लागते. त्यातील एखादे नाव कधी मध्येच गळते. दुसऱ्या दिवशी घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. साखरपाणी दिले की काही मिनिटांत माणूस पूर्ववत होतो. घरचे म्हणतात, ‘याला तप सोसत नाही.’ बहुधा अशक्तपणाच असतो. क्वचित मात्र कारण स्वादुपिंडात दडलेले असते.

स्वादुपिंडात पाचकरसाच्या पेशींमध्ये संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशींची सूक्ष्म बेटे विखुरलेली असतात. पॉल लँगरहॅन्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये त्यांचे वर्णन केले. तेथील बीटा पेशी रक्तातील साखर पाहून इन्सुलिन सोडतात आणि उपवासात हात आखडता घेतात. याच पेशींची गाठ झाली, म्हणजे इन्सुलिनोमा झाला, की हा विवेक सुटतो. पोट रिकामे असतानाही इन्सुलिन वाहत राहते. निदानासाठी रुग्णालयात ७२ तासांपर्यंत केवळ पाण्यावर ठेवून ठरावीक अंतराने रक्त तपासतात. जवळजवळ तेलाच तो. पण डॉक्टरांच्या नजरेखालचा. घरी हा प्रयोग करणे जिवावर बेतू शकते.

गाठ का होते, याचे उत्तर जनुकांत आहे. अकराव्या गुणसूत्रावरील मेन-१ हे जनुक १९९७ मध्ये सापडले. त्यापासून बनणारे मेनिन हे प्रथिन पेशींच्या वाढीला आवर घालते. आईकडून एक व वडिलांकडून एक अशा या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी काम सांभाळते. दुसरीही गेली की पेशी अनिर्बंध वाढू शकते. बहुतेक रुग्णांत असे बिघाड जन्मानंतर त्या पेशीपुरतेच होतात, मुलांकडे जात नाहीत. एकेकट्या इन्सुलिनोमात तर पुष्कळदा दुसरेच जनुक बदललेले असते: २०१३ च्या एका चिनी अभ्यासात ११३ पैकी ३४ गाठींत वायवाय-१ या जनुकातील एकच ठरावीक बदल आढळला.

काही घराण्यांत मात्र मेन-१ची बिघडलेली प्रत वारशाने येते आणि प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते. अशा घरांत स्वादुपिंडाबरोबर परावटू व पीयूषिका ग्रंथींच्याही गाठी होतात. रक्तातील कॅल्शियम वाढून मुतखडे होतात, जठरव्रण पुन्हापुन्हा उद्भवतात. आपल्या पेढ्यांवर तीन पिढ्यांची येणी-देणी जपलेली असतात. आजोबांचे मुतखडे आणि आत्याच्या घेऱ्या मात्र कुठेच नोंदलेल्या नसतात. सोयरीक जुळताना तर त्या मुद्दाम झाकल्या जातात. ही लपवाछपवी लाजिरवाणी आहे, आणि तिची किंमत पुढची पिढी मोजते.

अभिनेते इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे जाहीर केले, तेव्हा या जातकुळीच्या गाठींचे नाव घरोघरी पोहोचले. २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सर्वच गाठी तशा घातक नसतात. इन्सुलिनोमांपैकी सुमारे नव्वद टक्के सौम्य असतात, बहुतेक दोन सेंटिमीटरहून लहान, आणि शस्त्रक्रियेने रुग्ण सहसा पूर्ण बरा होतो. वारशाचा संशय असल्यास आधी रुग्णाचे आणि त्यात दोष सापडला तर रक्ताच्या नातलगांचे जनुक तपासतात. पनवेलकरांना त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. टाटा मेमोरियल केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था शेजारी खारघरलाच आहे. जाताना घराण्यातील आजारांची पिढीवार यादी सोबत असली, की डॉक्टरांचे निम्मे काम हलके होते.