घरची गाडी : वळणावर चाक काय सांगते?



बैलगाडीचे चाक करकरू लागले की घरातले लहान पोरही सांगे, "वंगण संपले." मोटारीचे पुढचे चाकही मोडण्याआधी बोलते. त्याचे बोलणे कळले तर थोडक्या खर्चात काम भागते. कळले नाही तर एकामागून एक भाग बदलले जातात, पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो.

महाड-पोलादपूरकडच्या मंडळींनी तर हे शिकून घ्यावेच. पोलादपुराहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जा, नाहीतर महाडाहून वरंध घाटाने भोरला जा. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे लागते. त्यात चार महिने पाऊस आणि चिखल. दोन्हींचा मार पुढच्या चाकाच्या सांध्यावर बसतो.

हा सांधा कोणता? जुन्या अ‍ॅम्बेसिडर आणि फियाट गाड्यांत इंजिन पुढे, पण ओढ मागच्या चाकांना असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिची पुढची चाकेच गाडी ओढत. आज बहुतेक लहान मोटारी तशाच आहेत. जे चाक वळते त्यालाच इंजिनाची ताकद पोचवायची, म्हणून एक्सलच्या टोकाला पोलादी गोळ्यांचा सांधा असतो. मेस्त्री त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात. त्यात काळे ग्रीस भरलेले असते आणि वरून घड्याघड्यांचा रबरी बूट चढवलेला असतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, चिखल-पाणी आत जाते आणि गोळ्या खाचा खाऊ लागतात. ओम्नी किंवा साधी बोलेरो मागच्या चाकांवर चालते. तिच्या पुढच्या चाकांना हा सांधा नसतो.

आवाज ओळखताना तो कसा आहे यापेक्षा केव्हा येतो, हे आधी पाहावे. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने शेजारी बसून ऐकावे.

वळताना कटकट : मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरवावी, आधी डावीकडे, मग उजवीकडे. गाडी ओढ घेताना 'कट कट कट' असा चाकाच्या फेऱ्याबरोबर आवाज आला, तर चाकाकडचा जॉइंट झिजला समजावे. कोणत्या बाजूचा, हे नुसत्या कानावर ठरवू नये. वाकून दोन्ही बूट पाहावेत. फाटलेल्या बाजूला चाकाच्या आतल्या अंगावर ग्रीसचे शिंतोडे दिसतात.

चढावर थरथर : घाट चढताना गाडी थरथरते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच थांबते, तर गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट पाहण्यास सांगावे. ओढ घेताना-सोडताना एकच 'ठक्' वाजत असेल, तर इंजिनाचे माउंटिंगही तपासावे.

सरळ रस्त्यावर घुमणे : वेगाबरोबर वाढणारी 'घूंऽऽ' बहुधा बेअरिंगची असते. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकावर येतो. त्या वेळी आवाज वाढला तर डावे बेअरिंग तपासावे. उलट असेल तर उजवे. मात्र डांबरावरून काँक्रीटवर येताच आवाज बदलला, तर दोष टायरचा असण्याचा संभव जास्त.

खड्ड्यात खडखड : लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट पाहावा. नुकतेच पंक्चर काढले असेल तर सर्वांआधी चाकाचे नट आवळून पाहावेत.

चाकातली ढिलाई घरीही कळते. सपाट जागी हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावेत आणि पुढचे चाक जॅकवर उचलावे. वर आणि खाली धरून हलवल्यास चाक डुलले, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट ढिला. दोन्ही बाजूंना धरून डुलले, तर स्टिअरिंगचा रॉड पाहावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

जुलै २०२१ च्या पुरात महाड पाण्याखाली गेले होते. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून नवी दिसते, पण बेअरिंगमध्ये शिरलेले पाणी आतून गंज धरते आणि घुमणे काही महिन्यांनी सुरू होते. जुनी गाडी घेताना सौदा ठरण्याआधी वरच्या सगळ्या चाचण्या करून घ्याव्यात.

आता खर्चाचे. बूट फाटला आहे, पण कटकट नाही, अशा वेळी जॉइंट उघडून, धुऊन, त्याचेच काळे ग्रीस भरून नवा बूट चढवला की काम होते. कटकट सुरू झाल्यावर नुसता बूट बदलणे म्हणजे फुटक्या घागरीला कल्हई करणे. मग जॉइंट किंवा अख्खा एक्सल बदलावा लागतो. नवे बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवू देऊ नये, प्रेसवरच बसवावे. ठोकलेले बेअरिंग लवकर घुमू लागते. बदललेला जुना भाग मागून घ्यावा.

जॉइंटची कटकट सुरू झाली तरी गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत जाते, पण त्या स्थितीत घाटात नेऊ नये. चाक डुलत असेल, तर गाडी जागची हलवू नये. मेस्त्रीला घरी बोलवावे. बॉल जॉइंट सुटला की चाक वाकडे पडते, आणि गाडीत आपलीच माणसे बसलेली असतात.

मृगाआधी आपण घर शाकारतो, अवजारे नीट करतो. त्याच दिवसांत चारही बूट, दोन आतले नि दोन बाहेरचे, बॅटरी लावून बारीक नजरेने पाहून घ्यावेत. पाऊस सुरू होण्याआधी सापडलेली चीर स्वस्तात मिटते.