वाळवंट नाही, वाळीत

मागच्या आठवड्यात तिसऱ्या पाळीवरून घरी आलो, तर आई रेशनच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत आलेली. मशीन अंगठा घेत नाही. आयुष्यभर लोकांची भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्यात. कार्डावर माझंही नाव आहे म्हणून मी गेलो. माझाही अंगठा घेईना. गोदीत पोती ओढून ओढून माझ्या रेषा सुतळीनं खाल्ल्या. दुकानदार बोलला, उद्या या. उद्या म्हंजे एक खाडा. महिन्याच्या धान्यासाठी एक दिवसाची मजुरी गेली.

रेशन फुकट आहे, हे खरं आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला पाच किलो धान्य ठरवलं आणि जानेवारी २०२३ पासून त्याचे पैसेही घेत नाहीत. मी ते नाकारत नाही. पण गोदामातलं धान्य आणि आपलं ताट यांच्यामध्ये दुकानाचं दार आहे. ते दार कुठं असतं, किती वाजता उघडतं, कोणाला आत घेतं, हे कोण ठरवतं? या वेळचं संपादकीय त्या दाराबद्दल आहे.

अमेरिकेत या प्रकाराला एक नाव दिलंय : फूड डेझर्ट. अन्नाचं वाळवंट. तिथल्या शेती खात्याचा हिशेब असा की गरीब वस्तीपासून भाजीपाला, दूध, धान्य मिळणारं मोठं दुकान शहरात एक मैलापेक्षा आणि खेड्यात दहा मैलांपेक्षा लांब असलं, तर ती वस्ती वाळवंट. हिशेब ठीक आहे, पण शब्द मला मान्य नाही. वाळवंट निसर्ग करतो. त्याचा जाब कोणाला विचारणार, उन्हाला? आपल्या भाषेत याच्याजवळचा एक शब्द आहे आणि तो आपल्या बापजाद्यांनी अंगावर सोसलाय. वाळीत टाकणं. वाळीत टाकणारा माणूस असतो. त्याला नाव असतं, पत्ता असतो, त्याचे हितसंबंध असतात.

मी हवेत बोलत नाही, दोस्तांनो. १९७२ साली मुंबईत आपल्या आधीच्या पिढीनं ज्यांच्याकडे बघून पँथर हे नाव घेतलं, त्या काळ्या माणसांच्या एका लहान शहराची हकीकत सांगतो.

इलिनॉय राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, ओहायो आणि मिसिसिपी या दोन नद्यांच्या संगमावर केरो नावाचं शहर आहे. इजिप्तच्या कैरोचंच नाव, तिथले लोक उच्चार वेगळा करतात. नदीवरचं बंदर, बोटी, रेल्वे, हमाली. म्हंजे आपल्यासारख्यांचंच गाव. १९२० साली तिथं पंधरा हजारांवर माणसं होती. २०२० च्या जनगणनेत उरली १७३३. त्यांच्यातली निम्म्याहून बरीच जास्त काळी.

या शहरात पोहण्याचा एक सार्वजनिक तलाव होता. त्यात काळ्यांना बंदी. १९६२ साली तरुण पोरापोरींनी तिथं निदर्शनं केली. पुढं खासदार झालेले जॉन लुईस त्यांच्यात होते. मग काय झालं? काळ्यांना पाण्यात उतरू द्यायच्या ऐवजी तलावच बंद केला. पुढं तो काँक्रीट ओतून बुजवला. महाडला १९२७ साली आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो, तेव्हा त्यांनी शेण-गोमूत्र टाकून तळं शुद्ध करून घेतलं होतं. केरोच्या गोऱ्यांनी शुद्धीकरणाचीही तसदी घेतली नाही. तुम्हाला मिळत असेल तर आम्हालाही नको, असा तो न्याय.

तोच न्याय पुढं दुकानांना लागला. १९६७ मध्ये सुट्टीवर आलेला एकोणीस वर्षांचा एक काळा सैनिक तिथल्या पोलीस कोठडीत मेला. पोलीस म्हणाले, गळफास घेतला. वस्तीचा विश्वास बसला नाही. शहर पेटलं. काळ्यांच्या वसाहतीवर रात्री-रात्री गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या. १९६९ मध्ये रेव्हरंड चार्ल्स कोएन यांच्या पुढारपणाखाली युनायटेड फ्रंट उभी राहिली. तिनं गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला. मागणी काय होती? आमचा पैसा गल्ल्यात घेता, तर आमच्या पोरांना काऊंटरमागे नोकरी द्या. इतकीच. बहिष्कार वर्षानुवर्षं चालला. नोकरी देण्यापेक्षा अनेकांनी शटर खाली ओढलं ते कायमचं.

पुढं बंदराचं आणि रेल्वेचं काम आटलं, माणसं निघून गेली. २०१७ मध्ये सरकारनं दोन मोडकळीला आलेल्या सरकारी वसाहती रिकाम्या करायचं ठरवलं आणि सुमारे चारशे माणसांना घरं शोधायला लावलं. गिऱ्हाईक गेलं, दुकानं गेली. शेवटी अशी वेळ आली की शहरात किराण्याचं एक धड दुकान उरलं नाही. ज्याच्याकडे गाडी तो पूल ओलांडून दुसऱ्या राज्यात जाऊन बटाटे आणायचा. ज्याच्याकडे गाडी नाही त्यानं शेजाऱ्याला पेट्रोलचे पैसे द्यायचे, नाहीतर डबाबंद आणि पाकीटबंद माल खाऊन साखर नि रक्तदाब वाढवून घ्यायचा.

आता कोणी म्हणेल, बघा, बहिष्कार टाकून काळ्यांनीच आपलं शहर बुडवलं. हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. वाळीत टाकतो तो शांतताप्रिय, आणि जो विचारतो तो गाव बुडवणारा. माझं उत्तर सरळ आहे. ज्याला एक काळी पोरगी तागडीमागे उभी राहिलेली बघवेना म्हणून त्यानं धंदा बंद केला, त्यानं शहर बुडवलं.

आणखी एक गोष्ट. माझा आजा याच गोदीत अमेरिकेचा गहू उतरवायचा. १९५४ च्या पी. एल. ४८० कायद्याखाली अमेरिकेतलं शिलकीचं धान्य जहाजं भरभरून येत होतं. आजा सांगायचा, त्या गव्हानं मुंबई जगवली. मला शाळेत असताना अमेरिका म्हंजे दानशूर वाटायची. मग ग्रीनवुडबद्दल वाचलं आणि आज्याच्या पाठीवरचं पोतं मला वेगळं दिसायला लागलं. ग्रीनवुड हे मिसिसिपी राज्यातलं कापसाचं शहर, १९६० साली वस्ती वीस हजार. हिवाळ्यात कापसाचं काम नसायचं, तेव्हा काळे मजूर सरकारच्या अशाच शिलकीच्या धान्यावर जगायचे. १९६२ मध्ये ते मतदार यादीत नाव घालायला रांगेत उभे राहायला लागले आणि काऊंटीच्या गोऱ्या कारभाऱ्यांनी धान्यवाटपच बंद करून टाकलं. वीस हजारांवर माणसं ऐन थंडीत उपाशी. विद्यार्थी कार्यकर्त्यांनी बाहेरून धान्य गोळा करून आणलं. डिक ग्रेगरी नावाच्या काळ्या विनोदी नटानं फेब्रुवारी १९६३ मध्ये विमान करून १४ हजार पौंड अन्न नेलं. अमेरिकेकडे गहू कमी नव्हता. तो सात समुद्र ओलांडून माझ्या आज्याच्या पाठीवर येत होता. फक्त ग्रीनवुडच्या काळ्या माणसाच्या ताटात पडत नव्हता, कारण त्यानं मत मागितलं होतं.

आपल्याकडे वेगळं काय होतं? १९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. बाबासाहेब त्या समितीत होते. १९३० च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की अस्पृश्यांनी हक्क बजावला की गाव बहिष्काराचं हत्यार काढतं : काम बंद, वाट बंद आणि वाण्याकडचा माल बंद. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा व्हायला २०१६ साल उजाडावं लागलं.

इथपर्यंत लिहून टाळ्या घेता येतील. पण मला आता आपल्याशी भांडायचंय.

आपल्याला बंद करता येतं. रास्ता बंद, बाजार बंद, शहर बंद. मीही दगड हातात घेतलेला माणूस आहे, उगाच सोवळा बनत नाही. पण दुकान उघडता येतं का आपल्याला? केरोच्या लोकांना हा प्रश्न उपाशी पोटानं शिकावा लागला. जून २०२३ मध्ये तिथं लोकांच्या भागभांडवलाचं सहकारी दुकान उघडलं, सरकारी मदतीसह. म्हंजे बहिष्कारानंतर चोपन्न वर्षांनी. मधल्या दोन पिढ्यांनी पूल ओलांडला.

ब्लॅक पँथरांचे फोटो आपण भिंतीवर लावतो, त्यात बंदुका आणि काळ्या टोप्या दिसतात. जानेवारी १९६९ मध्ये त्यांनी ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळकरी पोरांना फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली, तो फोटो कोणी लावत नाही. त्याच साली फॅनी लू हेमर या शेतमजूर बाईनं मिसिसिपीत फ्रीडम फार्म काढलं. तिथं डुकरांची बँक होती. घराला एक डुकरीण द्यायची, पिल्लं झाली की दोन परत करायची, ती पुढच्या घराला. मळ्याच्या मालकानं हाकललं तरी ताटात काहीतरी असलं पाहिजे, तरच माणूस मत मागायला उभा राहतो, हे तिला कळलं होतं. मुंबईतही १९४८ मध्ये नायगावच्या गिरणी कामगारांनी स्वतःचं सहकारी दुकान काढलं, त्याचंच पुढं अपना बाजार झालं. ती माणसं काय आकाशातून पडली नव्हती. घामाच्या वासाचीच होती.

आमच्या वस्तीत तेल शंभर ग्रॅमनं, डाळ पावशेरनं घेतात. सुटं घेतो म्हणून महाग पडतं, आणि महाग पडतं म्हणून वाण्याची वही भरते. वही भरली की निवडणुकीत वाणी सांगेल तिकडे मान डोलवावी लागते. उधारीच्या वहीवर अंगठा चालतो बरं का. तिथं रेषा लागत नाहीत.

म्हणून काम सांगतो. कविता पाठवाच, पण या वेळी त्याच्यासोबत एक कागद पाठवा. तुमच्या वस्तीपासून रेशनचं दुकान किती पावलं, ते महिन्यात किती दिवस उघडं असतं, किती अंगठे मशीन नाकारतं, अंगठा चालला नाही तर दुसरी सोय दिली जाते की उद्या या म्हणतात, डाळीचा पावशेराचा भाव आणि गोणीचा भाव. खरे आकडे लिहा, फुगवू नका. पुढच्या अंकात ते छापू आणि ते घेऊन रेशनिंग ऑफिसवर जाऊ.

आणि आमच्या चाळीतल्या वीस घरांनी ठरवलंय. पगाराच्या दिवशी पैसे एकत्र करून वाशीच्या मार्केटमधून डाळ-तांदूळ गोणीनं आणायचा आणि आपल्या तागडीवर वाटायचा. हिशेब बायकांकडे राहील, कारण आपण पोरं हिशेबात कच्ची आहोत. बुडेल कदाचित. बुडालं तर का बुडालं तेही इथं छापीन.

पहिली गोणी मी उचलणार आहे. आजवर उचलली त्यातली ती पहिली असेल जी आपल्याच दारात उतरणार.

जय भीम.