नकाशा नंतर काढू

माझ्या एका मित्राकडे एक अख्खं जग तयार आहे. सात राज्यं, तीन धर्म, दोन पंचांगं, एका राजघराण्याची नऊ पिढ्यांची वंशावळ. गेली सहा वर्षं तो ते जग वहीत घडवतोय. त्या जगात अजून एकही माणूस पाऊल ठेवून आलेला नाही. का? तर अजून तयारी व्हायचीय!

हे कशाबद्दल चाललंय ते आधी सांगतो, कारण माझी मावशीही हे वाचते आणि मग फोन करून विचारते. :) डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा एक खेळ आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो 1974 साली बाजारात आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक सूत्रधार, म्हणजे डंजन मास्टर. तो सांगतो, समोर काय आहे: पडका वाडा आहे, आतून उजेड येतोय. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र असतं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. आपलं पात्र आता काय करणार ते ज्याचं त्यानं सांगायचं. जमेल की नाही याची शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, गोष्ट मात्र पुढे जाते. आठवड्यामागून आठवडे तीच गोष्ट चालू राहिली की तिला कॅम्पेन म्हणतात. आम्ही मोहीम म्हणतो.

तर मुद्दा असा. मोहीम सुरू करायची इच्छा असलेले पुष्कळ भेटतात, आणि बहुतेकांची अडचण एकच, 'वेळ मिळत नाही हो तयारीला.' माझं मत थोडं उलटं आहे. वेळ कमी असणं ही अडचण नव्हेच. मोहीम सुरू करायची ती उत्तम अट आहे.

मुळात या खेळाचा जन्मच असा झालाय. आर्नेसनचा खेळ पाहून गायगॅक्सनं 1972 साली लेक जिनिव्हा या गावी स्वतःची मोहीम सुरू केली, तेव्हा त्याच्याकडे होतं काय? एक किल्ला आणि त्याखालच्या भुयारांची सुरुवात. पहिले खेळाडू कोण, तर घरातलीच दोन मुलं. मुलं खाली उतरत गेली तसा बाप पुढची भुयारं काढत गेला. ग्रेहॉक हे त्या जगाचं नाव. त्याचा नकाशा आणि माहिती स्वतंत्रपणे छापून आली ती 1980 साली. आधी किल्ला, आठ वर्षांनी जग! आपण मात्र जगापासून सुरुवात करतो आणि किल्ल्यापर्यंत पोचतच नाही.

त्याच गायगॅक्सचं 1979 सालचं 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे नवख्यांसाठीचं प्रकरण बघा. सरहद्दीवरचं एक ठाणं, जवळच राक्षसांच्या गुहा, संपलं. ठाण्यातल्या माणसांना त्यानं नावंसुद्धा दिलेली नाहीत. लोहार, सावकार, किल्लेदार एवढंच. नावं ज्यानं त्यानं ठेवायची. 2014 च्या स्टार्टर सेटमधली गोष्ट तर रस्त्यात मरून पडलेल्या दोन घोड्यांपासून आणि झुडपात लपलेल्या चार गॉब्लिनांपासून सुरू होते. जगाचा इतिहास नाही, वंशावळ नाही. पहिल्या दहा मिनिटांत खेळाडूंना ठरवावं लागतं की आता काय करायचं.

यावर कुणी म्हणेल, हे साहेबाचं झालं, आपल्याला असं ऐनवेळी सुचत नाही. असं कसं? कोकणात दशावतारी नाटक पाहिलंय ना? रात्रभर चालतं. राजा, राक्षस, नारद तासन् तास बोलतात, एकमेकांना अडवतात, हसवतात. लिहिलेली संहिता नाही. कुठलं आख्यान लावायचं, कुणी काय व्हायचं, प्रवेश कसे लागतील हे आधी बोलून घेतात आणि रंगमंचावर उभं राहतात. मग ती तयारी नाही का? आहेच, पण ती त्या संध्याकाळची नाही. ती वर्षानुवर्षं ऐकलेल्या पुराणांची आहे. तुम्हीआम्ही लहानपणी चांदोबा वाचलाय, आजीच्या तोंडून राक्षस ऐकलेत. कपटी प्रधान कसा बोलतो हे आपल्याला शिकवावं लागत नाही. तीस-चाळीस वर्षांची तयारी आधीच झालेली आहे, राव.

आता दुसरी बाजू. टोल्किननं आपल्या जगावर अनेक दशकं घालवली, भाषासुद्धा घडवल्या, ते काय वाया गेलं? मुळीच नाही. पण तो पुस्तक लिहीत होता. पुस्तकातलं पात्र मधेच उठून 'मला त्या डोंगरावर जायचंच नाही' असं लेखकाला सांगत नाही. टेबलावर हे दर तासाला होतं. तुम्ही महिनाभर खपून डोंगर सजवता आणि मंडळी नदीकडे निघतात. मग दोनच मार्ग उरतात: महिन्याची मेहनत सोडून द्या, किंवा काहीतरी युक्ती करून त्यांना डोंगराकडे वळवा. बहुतेक सूत्रधार दुसरं करतात. तिथे खेळ संपतो आणि व्याख्यान सुरू होतं. आजीच्या गोष्टीत आपण नुसता हुंकार द्यायचो. इथे ऐकणाऱ्याला गोष्ट वळवायचा हक्क आहे, आणि तो काढून घेतला तर उरतं काय?

म्हणजे काहीच न करता बसायचं असं नव्हे. मित्रांनी घरचं सगळं आवरून तीन तास काढलेत, त्यांचा मान राखायलाच हवा. मी एक तास देतो आणि एकच प्रश्न विचारतो: हे येत्या शनिवारी कुणासमोर येणार आहे का? नसेल तर लिहायचं नाही.

आमच्या नव्या मोहिमेचा कागद असा आहे. नदीकाठचं बाजाराचं गाव. तीन दिवस झाले, पलीकडच्या काठावरून होडी आलेली नाही, पण रात्री नावाड्याची घंटा ऐकू येते. तीन माणसं, आणि प्रत्येकाला काय हवंय ते एकेका ओळीत. आठ-दहा गुपितं, पण ती कोण सांगणार हे ठरवलेलं नाही. खेळाडू ज्याच्याशी बोलतील तो सांगेल. राक्षसांचे आकडे पुस्तकातून जसेच्या तसे, फक्त रूप बदललेलं. ऐनवेळी लागतील म्हणून वीस नावं. पात्रं तयारच घेतली. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम तर जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत आहेत, म्हणजे खर्चाची सबबही गेली. आणि उठताना खेळाडूंना विचारायचं, 'पुढच्या वेळी कुठे जाणार?' ते जे सांगतील तेवढंच पुढच्या शनिवारसाठी. बाकीचं जग रिकामं असू दे. कुणी विचारलं, डोंगरापलीकडे काय आहे, तर त्यालाच विचारायचं, 'तुझं पात्र तिकडचंच ना? तूच सांग.' त्याचं उत्तर वहीत उतरवून घेतलं की जग एका गावानं वाढलं. तेही त्याच्या मालकीच्या गावानं, जे तो कधी विसरणार नाही.

एवढी घाई का, असं विचाराल. आम्ही चौघं चाळिशी ओलांडलेले. एकाच्या घरी आजारी वडील आहेत, एकाची मुलगी दहावीला, आणि एक जण दिवाळीनंतर कायमचा परदेशी चाललाय. म्हणजे फार तर बारा शनिवार हाताशी आहेत, आणि त्यातले चार कुणाच्या ना कुणाच्या अडचणीत जातील हे धरूनच चालायचं. सात राज्यांची वंशावळ सवडीनं होईल, किंवा होणारही नाही, कुणाचं काही अडणार नाही. आठ शनिवार मात्र पुढे ढकलता येत नाहीत.

तेव्हा तुमच्या वहीतही असं एखादं जग असेल, तर त्यातलं एक गाव उचला, त्या गावाला एक अडचण द्या आणि फोन लावा. नदीपलीकडे काय आहे ते मलाही अजून माहीत नाही, आणि हेच मला त्यातलं सगळ्यात आवडतं.