साखर-कर आणि आपल्या फ्रिजमधल्या बाटल्या



ब्रिटनमध्ये शीतपेयांवरचा साखर-कर ६ एप्रिल २०१८ रोजी लागू झाला. वरून साखर घातलेल्या पेयात १०० मिलीलिटरमागे ५ ग्रॅम साखर भरली की कर, ८ ग्रॅम भरली की जास्त कर. तो गिऱ्हाईकाने नव्हे, कंपनीने भरायचा. आम्हा संगणकवाल्यांना ठाऊकच आहे, अट लिहिली की समोरचा बरोब्बर तिच्या खाली येऊन थांबतो. तसेच झाले. ल्युकोझेड, रायबेना, आयर्न-ब्रू यांनी साखर कमी करून कृत्रिम गोडी घातली आणि बरीच पेये ५ च्या जरा खाली येऊन बसली. म्हणूनच नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने जाहीर केले, की १ जानेवारी २०२८ पासून ही रेघ ४.५ ग्रॅमवर येणार.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा बदल दुसराच आहे. आजवर ७५ टक्के दूध असलेली पेये करातून मोकळी होती. मिल्कशेक, चॉकलेट दूध, दह्याची गोड पेये, "दूधच आहे ना" म्हणून आपण मुलांच्या हातात बिनधास्त देतो. २०२८ पासून तीही करात येतील. दुधातल्या नैसर्गिक साखरेपुरती सूट राहील. आमच्या मते हे उशिरा सुचलेले शहाणपण आहे, पण योग्य आहे.

तरी करातून सुटले ते चांगले, असा हिशेब करू नये. साखर न घातलेल्या फळांच्या रसाला कर नाही. पण संत्र्याच्या १५० मिलीलिटर रसातच साधारण १३ ग्रॅम साखर असते, आणि ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाची मर्यादा आहे १९ ग्रॅम. मोठा पेला भरला की संपलेच. डाएट पेयांनाही कर नाही, पण वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडीवर विसंबू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे.

आता आपले अमृत कोकम. वर्षाला १० लाख लिटरपेक्षा कमी माल करणारे छोटे उत्पादक करातून मोकळे आहेत, त्यांच्याकडून आयात केलेला मालही. म्हणजे कोकणातल्या घरगुती उद्योगाची बाटली सुटली. मोठ्या कंपनीच्या सरबताची साखरही मोजतात ती लेबलवर सांगितले तेवढे पाणी घातल्यानंतरची. आपण पाहुण्यांना सरबत करताना लेबल वाचतो थोडेच! "पातळ झालंय गं" म्हणून आणखी दोन चमचे पडतातच. त्यापेक्षा कोकमचे आगळ आणावे. त्यात साखर नसते, मीठ असते. गोडी किती ती आपल्या हातात. ताकाचे तर बोलायलाच नको, फक्त मीठ बेताने घाला.

बाहेर जेवायला गेल्यावर मागवलेल्या मँगो लस्सीला मात्र २०२८ नंतरही हा कर नाही. तो पॅकबंद पेयांपुरताच आहे.